धूर, अनुमान आणि डिझेलमधील अदृश्य विष



स्मृतिव्याख्यान म्हटले की साहित्य, संतवाङ्मय किंवा शिक्षण यांपैकी एखादा विषय अपेक्षित असतो. आणि ज्याने आयुष्यभर महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केले त्याच्याकडून तर तो अधिकच अपेक्षित असतो. असे असता मी डिझेलच्या धुरातील नायट्रोयुक्त संयुगांसारखा रूक्ष विषय का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, ज्या शाळेच्या विद्यमाने आपण जमलो आहोत तेथील मुले रोज हा धूर श्वासात घेतात. जामसांवली नागपूर-छिंदवाडा मार्गालगत आहे आणि तिकडे पांढुर्ण्यावरून नागपूर-बैतूल मार्ग जातो. या दोन रस्त्यांवरून जी वाहने रात्रंदिवस धावतात त्यांतील अवजड वाहने बहुतांशी डिझेलवर चालतात. दुसरे कारण माझ्या व्यवसायाशी निगडित आहे. या विषयाभोवती जे गैरसमज आहेत त्यांतील बरेचसे शब्दांचे आणि अनुमानाचे आहेत. आणि शब्दांचा उलगडा करणे हे भाषेच्या शिक्षकाचे कामच होय.

डोंगरावरचा धूर

न्यायशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला अनुमानाचे एक ठरलेले उदाहरण देतात. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी असला पाहिजे असे आपण ठरवतो. कारण जेथे जेथे धूर असतो तेथे तेथे अग्नी असतो, हे आपण स्वयंपाकघरात वारंवार पाहिलेले असते. या नित्य संबंधाला व्याप्ती म्हणतात. तथापि त्याच पाठात एक ताकीदही दिलेली असते. ही व्याप्ती उलट फिरवता येत नाही. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा पाहा. त्यात अग्नी पुरेपूर आहे, धुराचा मात्र पत्ता नाही. तेव्हा धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असे समजून जो त्या गोळ्याला हात लावील त्याचा हात भाजल्यावाचून राहणार नाही.

डिझेलच्या बाबतीत आपण सारे नेमके हेच करीत असतो. समोरच्या ट्रकने काळा लोट सोडला की आपण नाकाला पदर किंवा रुमाल लावतो. लोट विरला की रुमाल पुन्हा खिशात जातो. धूर दिसला म्हणजे विष आहे आणि तो दिसेनासा झाला म्हणजे विष गेले, असे आपले डोळे आपणांस सांगतात. यांतील पहिले विधान बरेचसे खरे आहे. दुसरे खरे नाही. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे. पुढे जे सांगावयाचे आहे तो या सूत्राचा विस्तार समजावा.

लोबानापासून बेंझीनपर्यंत

रसायनशास्त्रात या पदार्थांच्या मूळ वर्गाला 'अ‍ॅरोमॅटिक' म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यासाठी 'सुगंधी' हा शब्द रूढ होता. धुरातील विषाला सुगंधी म्हणावे, हे ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल. पण या नावामागे इतिहास आहे. या वर्गातील जे पदार्थ आरंभी हाती आले त्यांतील काही धूप-राळेसारख्या सुवासिक द्रव्यांतून मिळाले होते. जावा-सुमात्रा भागातून येणाऱ्या एका सुवासिक राळेला अरब व्यापारी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपीय भाषांत या नावाचे रूप पालटत पालटत 'बेंझॉइन' झाले, त्या राळेतून मिळणारे आम्ल बेंझॉइक आम्ल ठरले, आणि त्या आम्लापासून निघालेल्या द्रवाला 'बेंझीन' हे नाव मिळाले. आपल्याकडे दर्ग्यात जळणारा लोबान आणि प्रयोगशाळेतील बेंझीन हे शब्दांच्या नात्याने एकमेकांचे आप्त आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे शास्त्रज्ञांना आढळले की या पदार्थांचे खरे लक्षण वास हे नसून रचना हे आहे. कार्बनचे सहा अणू एकमेकांचे हात धरून एक कडे करतात. मुली फेर धरतात तसे हे कडे असते आणि ते सहजासहजी मोडत नाही. अशी दोन, तीन, चार, पाच कडी एकमेकांना चिकटून बसली की त्यांना बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन म्हणतात. चार कड्यांचे पायरीन आणि पाच कड्यांचे बेंझोपायरीन ही त्यांतील परिचित नावे होत. लाकूड, कोळसा, गोवरी, तंबाखू किंवा डिझेल, कोणतेही सेंद्रिय द्रव्य अपुऱ्या हवेत जळले की ती निर्माण होतात. अशा एखाद्या कड्याला नायट्रोजनचा एक व ऑक्सिजनचे दोन अणू यांचा एक गट येऊन चिकटला म्हणजे त्या पदार्थाच्या नावामागे 'नायट्रो' हे उपपद लागते. पायरीनचे नायट्रोपायरीन होते. मराठीत एखादा उपसर्ग लागताच शब्दाचा अर्थ पालटतो. 'हार' या शब्दापूर्वी 'प्र' आला की गळ्यातील माळेचा पाठीवरचा तडाखा होतो. या लहानशा गटाने रेणूचा स्वभाव त्याहूनही अधिक बदलतो.

इंजिनाच्या पोटात

हे उपपद डिझेलच्या धुरातच विशेषेकरून का लागते, हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखविले. त्याची युक्ती अशी की, सिलिंडरमधील हवा पंधरा-वीस पट दाबावयाची. एवढ्या दाबाने ती इतकी तापते की तीत डिझेलचा फवारा सोडताच, ठिणगीशिवाय, तो पेट घेतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. तत्त्व तेच, प्रमाण मात्र मोठे.

पेट्रोलच्या जुन्या इंजिनात इंधन व हवा आधी नीट मिसळून मग ठिणगी पडत असे. डिझेलमध्ये मिसळणे आणि जळणे एकाच वेळी चालते. त्यामुळे एकाच सिलिंडरमध्ये, एकाच क्षणी, दोन परस्परविरुद्ध स्थिती नांदतात. फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन भरपूर आणि हवा तोकडी असते. तेथे काजळी आणि बहुचक्री संयुगे तयार होतात. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर आणि उष्णता प्रचंड असते. तेथे हवेतील नायट्रोजन, जो एरव्ही कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो, ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजनचे ऑक्साइड बनवितो. ही दोन्ही अपत्ये एकाच वाटेने, सायलेन्सरमधून, बाहेर पडतात. वाटेत त्यांची गाठ पडते आणि काही बहुचक्री रेणूंना नायट्रो गट चिकटतो. डिझेलच्या धुरातील या जातीच्या संयुगांत १-नायट्रोपायरीन हे प्रमुख होय. इतके की एखाद्या ठिकाणच्या हवेत ते सापडले तर तेथे डिझेलचा धूर पोहोचला आहे, असे शास्त्रज्ञ समजतात. न्यायशास्त्राच्या भाषेत ते डिझेलचे 'लिंग', म्हणजे खूण, ठरले आहे.

हे काम सायलेन्सरच्या तोंडाशी थांबत नाही. वातावरणात दिवसा सूर्यप्रकाशामुळे आणि रात्री दुसऱ्या मार्गाने असे अत्यंत क्रियाशील घटक निर्माण होतात की ते हवेतील बहुचक्री संयुगांना नायट्रोयुक्त करतात. २-नायट्रोफ्ल्युओरँथीन हे संयुग मुख्यतः असे वाऱ्यावर घडलेले असते. म्हणजे जो धूर विरला असे आपण समजतो त्यातील काही भाग विरल्यानंतर नव्याने विषारी होतो. उलट, सूर्यप्रकाशाने यांतील काही संयुगांचा नाशही होतो. निसर्ग एका हाताने जोडतो आणि दुसऱ्या हाताने तोडतो. आपल्या फुप्फुसांत येते ती या जमाखर्चातील शिल्लक.

ही संयुगे काजळीच्या कणांवर आरूढ होऊन प्रवास करतात. डिझेलच्या धुरातील बहुसंख्य कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान असतात. माणसाचा केस सरासरी पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. रस्त्यावरची जाड धूळ नाकात व घशात अडकते. हे कण मात्र श्वासनलिकेच्या शेवटच्या फांदीपर्यंत, जेथे हवा आणि रक्त यांची भेट होते तेथपर्यंत, जातात. साध्या रुमालाच्या किंवा पदराच्या विणीतून ते सहज पार होतात. आणि जे कण डोळ्यांना काळ्या लोटाच्या रूपाने दिसतात ते एकत्र गोळा झालेले, तुलनेने मोठे असतात. अतिसूक्ष्म कण दिसतच नाहीत.

काजळीवरचा आरोप

काजळी रोगकारक आहे, हा आरोप नवा नाही. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये एका विशिष्ट कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवून त्याचा संबंध काजळीशी जोडला. ही मुले लहानपणीच धुराड्यांत उतरविली जात आणि रोग पुढे तरुणपणी प्रकट होई. कारण आणि कार्य यांत असे वर्षानुवर्षांचे अंतर असते, म्हणूनच आपण या विषाला भीत नाही. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून कर्करोग घडवून दाखविला. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढण्यात आले आणि आरोपीला नाव मिळाले.

नायट्रोयुक्त संयुगांची ओळख पटण्यास मात्र आणखी काळ लागला. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कले येथील ब्रूस एम्स यांनी एक सुटसुटीत चाचणी प्रचारात आणली. एक विशिष्ट जिवाणू हिस्टिडीन हे आवश्यक द्रव्य स्वतः तयार करू शकत नाही. म्हणून त्या द्रव्याविना तो वाढत नाही. संशयित पदार्थामुळे त्याच्या जनुकात पालट झाला आणि हरवलेली शक्ती परत आली, तर तो वाढू लागतो आणि थाळीत त्याचे ठिपके उमटतात. जितके ठिपके अधिक तितका तो पदार्थ जनुकांत ढवळाढवळ करण्यास समर्थ.

बेंझोपायरीनसारखे पदार्थ या चाचणीत एकटे निष्प्रभ ठरतात. त्यांच्यासोबत यकृताचा अर्क घालावा लागतो, तेव्हा ते घातक रूप धारण करतात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे जेम्स पिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंझोपायरीनला प्रदूषित हवेत असतात तशा नायट्रोजन डायऑक्साइडच्या संपर्कात ठेवले. त्यातून जी नायट्रोयुक्त संयुगे झाली ती यकृताच्या अर्काविनाच जिवाणूंवर परिणाम करू लागली. डिझेलच्या काजळीचा अर्कही असाच थेट परिणाम करीत असे, त्याचे कोडे यामुळे उलगडू लागले. १९९७ साली जपानमधील क्योटो येथील संशोधकांनी डिझेलच्या धुरात आणि हवेतील कणांत ३-नायट्रोबेंझँथ्रोन हे संयुग सापडल्याचे प्रसिद्ध केले. एम्स यांच्या चाचणीत तोवर तपासलेल्या सर्वांत प्रबळ पदार्थांच्या पंक्तीत ते जाऊन बसले. त्याचे हवेतील प्रमाण अत्यल्प आहे. सामर्थ्य मात्र प्रमाणाशी विसंगत आहे.

या इतिहासातील एक लहानसा प्रसंग मला आशादायक वाटतो. १९८० मध्ये छायाप्रती काढणाऱ्या यंत्रांच्या काळ्या भुकटीत नायट्रोपायरीनचे अंश आढळले. भुकटीतील कार्बन तयार करण्याच्या रीतीत बदल केल्यावर ते फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. दोष कळला, कारण सापडले, रीत बदलली. विषाचा इलाज असाही होऊ शकतो.

शरीराची फसगत

ही संयुगे शरीरात काय करतात? येथे एक विलक्षण विपर्यास आहे. शरीर परक्या पदार्थाला बाहेर घालविण्यासाठी त्याचे रूप बदलून त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करते. नायट्रो गटाच्या बाबतीत शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइमे, त्यातील ऑक्सिजन काढून घेऊ लागतात. हे काम फुप्फुसाच्या पेशी करतात, यकृत करते आणि आतड्यातील जिवाणूही करतात. हे काम शेवटास गेले तर तुलनेने सौम्य असा अमिनो पदार्थ तयार होतो आणि मूत्रावाटे निघून जातो. परंतु अर्ध्या वाटेवर एक अस्थिर रूप निर्माण होते. त्याला आणखी एक गट जोडून शरीर त्याची पाठवणी करू पाहते. आणि त्याच जोडणीने ते अधिक आक्रमक होऊन डीएनएच्या धाग्यातील ग्वानीन या घटकाला घट्ट चिकटते. घर झाडताना केरातील निखारा गवताच्या गंजीवर पडावा, तशी ही गत आहे.

डीएनए म्हणजे पेशीची पोथी. लेखनिकाने पोथीची नक्कल करताना एका अक्षरावर डाग पडलेला असेल तर तो चुकीचे अक्षर लिहितो आणि पुढच्या सर्व नकला त्या चुकीसह उतरतात. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठभेद कसे निर्माण होतात हे ठाऊक असते. पेशीतील पाठभेदाला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक डाग शरीर स्वतःच पुसते. बहुतेक पाठभेद निरुपद्रवी असतात. पण रोज नवे डाग पडत राहिले, तर पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या वाक्यातच चूक होण्याची शक्यता वाढते. ही केवळ प्रयोगशाळेतील कथा नव्हे. जर्मनीतील एका मिठाच्या खाणीत डिझेल यंत्रांवर काम करणाऱ्या मजुरांच्या मूत्रात या नायट्रोयुक्त संयुगांपासून बनलेले अमिनो पदार्थ आढळल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे विष आत जाते आणि शरीर त्याच्याशी झुंजते, याचा पुरावा हाती आहे.

शब्दांचे वजन

येथे भीती वाढवून थांबणे योग्य होणार नाही. शब्द तोलून वापरले पाहिजेत. फ्रान्समधील लियों येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था आहे. तिने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते. जून २०१२ मध्ये तिने त्याला 'मानवास कर्करोगकारक' अशा पहिल्या गटात टाकले. या निर्णयास त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आठ खाणींच्या अभ्यासाचा मोठा आधार होता. त्या अभ्यासात १२,३१५ कामगारांचा समावेश होता, आणि सर्वाधिक धूर घेतलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी धूर घेतलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. त्याच बैठकीत १-नायट्रोपायरीनला 'बहुधा' आणि ३-नायट्रोबेंझँथ्रोनला 'कदाचित' कर्करोगकारक ठरविण्यात आले.

जिवाणूंवर एवढा प्रबळ ठरलेला पदार्थ केवळ 'कदाचित'च्या रांगेत का, असे कोणी विचारील. कारण हे गट विषाची तीव्रता सांगत नाहीत. पुराव्याची बळकटी सांगतात. न्यायालयात गुन्हा किती मोठा हा एक प्रश्न असतो आणि तो किती सिद्ध झाला हा दुसरा. जिवाणूंवरील परिणाम हा माणसाविषयीचा अंतिम निवाडा नव्हे. शिवाय खाणीतल्या कोंडलेल्या हवेतील मजुराचा धोका आणि मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याचा धोका सारखा नसतो. मात्रा आणि काळ यांवर सारे अवलंबून असते. तेव्हा एकदा धूर नाकात गेला म्हणून घाबरू नये. रोज जातो म्हणून निर्धास्तही राहू नये. कर्करोग हा एकच परिणाम नाही. दमा, खोकला आणि श्वासनलिकांचा दाह यांच्याशीही या धुराचा संबंध आहे, आणि ते भोगण्यासाठी वीस वर्षे थांबावे लागत नाही.

मोजमापाची मर्यादा आणि कायद्याचे बळ

आता आरंभीच्या अनुमानाकडे वळू. डिझेलच्या वाहनाचे पीयूसी प्रमाणपत्र कसे मिळते? वाहन उभे करून इंजिनाचा वेग वाढवितात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहतात. म्हणजे यंत्राने केलेले हे धूरदर्शनच होय. नोझल खराब झालेले, एअर फिल्टर तुंबलेले इंजिन या चाचणीत पकडले जाते. म्हणून ती निरुपयोगी नाही. पण ती उत्तीर्ण झाली म्हणजे नायट्रोयुक्त संयुगे नाहीत, असे अनुमान काढता येत नाही. ती मोजलेलीच नसतात. आपल्या देशाने नोव्हेंबर २००९ मध्ये हवेच्या गुणवत्तेची जी मानके जाहीर केली त्यांत बारा प्रदूषके आहेत. बेंझोपायरीनला तेथे स्थान आहे. त्याची वार्षिक मर्यादा एका घनमीटर हवेत एक नॅनोग्रॅम ठेवली आहे. नायट्रोयुक्त भावंडांचे नाव त्या यादीत नाही.

तरीही कायद्याने काही घडत नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अनेक टॅक्सींना स्वस्ताईपोटी डिझेल इंजिने बसविली गेली होती. धुराने त्रस्त नागरिकांचा एक मंच उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतर मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिलेल्या आदेशाने सार्वजनिक बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा मार्ग आखला गेला आणि २००२ अखेर तो पुरा झाला. देशभराच्या वाहन-इंधनाचे धोरण ठरविण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये अहवाल दिला. पुढे मुंबई आणि दिल्ली येथील हवेतील कण कोठून येतात याचा शोध आपल्या शेजारच्या नागपूरच्या नीरी या संस्थेने घेतला. पुण्याचे काम तेथील एआरएआय या संस्थेने केले. देशातील सहा शहरांच्या या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. जाड कणांत रस्त्यावरील धुळीचा वाटा मोठा असतो. कण जसजसे सूक्ष्म होतात तसतसा ज्वलनाचा, त्यात वाहनांचा, वाटा वाढतो. आपण ज्या धुळीला शिव्या देतो ती दिसते. जी घातक असते ती दिसत नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनुसार ते दहा भागांवर आले. गंधक कमी होणे महत्त्वाचे अशासाठी की, धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक साधने गंधकाने निकामी होतात. आता नव्या डिझेल मोटारीने एका किलोमीटरमागे साडेचार मिलिग्रॅमहून अधिक कण सोडता कामा नयेत. आधीची मर्यादा पंचवीस होती. या उपायांनी खरोखर फरक पडतो काय? अमेरिकेत अशाच गाळणी लावलेल्या नव्या इंजिनांची तपासणी झाली, तेव्हा कणांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले आणि नायट्रोयुक्त संयुगेही मोठ्या प्रमाणात उतरली. अशा इंजिनाच्या धुरात आयुष्यभर ठेवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत गाठी झाल्या नाहीत, असा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या इंजिनांच्या धुराने मात्र त्या झाल्या होत्या.

आपल्या दारात

परंतु नवा नियम नव्या वाहनाला लागतो. जुने वाहन शहरातून निवृत्त झाले की लहान गावात नोकरी धरते. आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात संत्र्यांचे ट्रक, बागेतील ट्रॅक्टर, विहिरीवरचे जुने इंजिन, लग्नमंडपामागचा जनरेटर ही सर्व डिझेलची बिऱ्हाडे आहेत. जनरेटरसाठी १ जुलै २०२३ पासून कडक मानके आली. ती नव्या जनरेटरसाठी. डिझेलला केवळ दोष देणे मात्र कृतघ्नपणा ठरेल. वीज नव्हती तेव्हा बागा या इंजिनाने जगविल्या, आणि आजही रात्री-अपरात्री रुग्णाला नागपूरला पोहोचविणारी गाडी बहुधा डिझेलवरच धावते. तेव्हा प्रश्न डिझेल टाकून देण्याचा नाही. त्याच्याशी जाणतेपणाने वागण्याचा आहे.

या जाणतेपणातून चार गोष्टी निघतात. पहिली, उभ्या वाहनाचे इंजिन बंद करावे. मंगळवारी-शनिवारी हनुमंताच्या दर्शनास येणारी वाहने मंदिराबाहेर आणि शाळेच्या गाड्या फाटकापाशी इंजिन सुरू ठेवून उभ्या राहतात. हा धूर कोणालाही कोठेही नेत नाही. तो केवळ मुलांच्या आणि प्रसादाची दुकाने मांडून बसलेल्या मायबहिणींच्या फुप्फुसांत जातो. दुसरी, नोझल, पंप आणि एअर फिल्टर यांची वेळच्या वेळी देखभाल करावी आणि डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ करू नये. तिसरी, जनरेटरचे तोंड जेवणाच्या पंगतीकडे किंवा घराच्या खिडकीकडे नसावे. बंद खोलीत तर तो कदापि चालवू नये. चौथी, जो माणूस दिवसभर या धुरात उभा असतो, म्हणजे गॅरेजमधला मिस्त्री, पेट्रोलपंपावरचा मुलगा, वाहतूक शिपाई, नाक्यावरचा चहावाला, त्याचा विचार आधी करावा. धोका मात्रेवर आणि काळावर अवलंबून असतो असे मी म्हणालो. ही दोन्ही मापे याच माणसांच्या वाट्याला पुरेपूर येतात. गॅरेजचे दार उघडे राहणे आणि धुराला बाहेर नेणारी नळी असणे, ही त्यांच्यासाठी चैन नसून गरज आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी आपणांस सांगावयाचे ते हे. आपल्या पूर्वजांनी धुरावरून अग्नी ओळखावयास शिकविले आणि धूर नसतानाही अग्नी असू शकतो हेही सांगून ठेवले. डोळा हे ज्ञानाचे साधन आहे, पण एकमेव नव्हे. जे दिसत नाही ते मोजावयास रसायनशास्त्र लागते, ते समजावून सांगावयास मातृभाषा लागते, आणि ते आवरावयास कायद्याबरोबर शेजारधर्म लागतो. यांतील पहिल्याचा अभ्यास आपण विज्ञानाच्या वर्गात करालच. तिसऱ्याचा आरंभ शाळा सुटल्यावर फाटकापाशीच करता येईल. गाडी उभी असेल तर चालकाला नम्रपणे सांगावे, "काका, इंजिन बंद कराल का?" आणि त्यांनी का म्हणून विचारले, तर उत्तर आता आपणांस ठाऊक आहे.